आठ गुण मिळवूनही आइसलँड बाहेर का? जागतिक हँडबॉल स्पर्धेचा हिशेब

२६ जानेवारी २०२५. झाग्रेबमध्ये पुरुषांच्या जागतिक हँडबॉल स्पर्धेच्या मुख्य फेरीचा शेवटचा दिवस. त्या रात्री गुणतक्त्यातल्या वरच्या तीन ओळी सारख्याच होत्या. क्रोएशिया, इजिप्त आणि आइसलँड यांचे प्रत्येकी पाच सामने, चार विजय, एक पराभव आणि आठ गुण. पुढे जायला जागा दोनच. क्रोएशिया आणि इजिप्त उपांत्यपूर्व फेरीत गेले, आइसलँडनं सामान बांधलं. आणि इजिप्तला तर आइसलँडनं चारच दिवसांपूर्वी हरवलेलं होतं.

पहिल्यांदा ही स्पर्धा पाहणारा इथे हमखास अडखळतो. गुण सारखे, ज्याला हरवलं तो पुढे, मग हे ठरवलं कुणी आणि कशावरून? पुढची स्पर्धा जानेवारी २०२७ मध्ये जर्मनीत आहे, तेव्हाही हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या गटात उभा राहणारच. नियम वाचायला किचकट आहेत, पण त्यांच्या मुळाशी विचार एकच आहे: तोलामोलाच्या संघांविरुद्ध तुम्ही काय केलंत तेवढंच मोजायचं, आणि मोजायचं तर गोलागोलानं.

मैदानावर नेमकं काय चालतं

हँडबॉल म्हटलं की अनेकांना फुटबॉलमधला फाउल आठवतो. हा त्या नावाचा स्वतंत्र खेळ आहे. छताखालचं ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मैदान, दोन्ही टोकांना ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच गोल. एका संघाचे सात जण: सहा खेळाडू आणि एक गोलकीपर. चेंडू हातानंच खेळायचा. पुरुषांचा चेंडू ५८ ते ६० सेंटिमीटर घेराचा आणि ४२५ ते ४७५ ग्रॅम वजनाचा असतो, मोठ्या पंजात जेमतेम मावेल एवढा. पकड सुटू नये म्हणून खेळाडू बोटांना चिकट राळ लावतात. चेंडू हातात धरून जास्तीत जास्त तीन पावलं टाकता येतात आणि तो तीन सेकंद धरता येतो. त्याच्या आत टप्पा द्या, पास द्या नाहीतर गोलवर मारा.

गोलसमोर ६ मीटरवर एक कमानीसारखी रेषा असते. तिच्या आत फक्त गोलकीपरनं उभं राहायचं. पण हल्ला करणारा खेळाडू रेषेबाहेरून उडी मारून आतल्या हवेत जाऊ शकतो, अट एवढीच की पाय जमिनीला लागायच्या आधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. या खेळातला सगळ्यात देखणा क्षण त्यामुळे हवेतच घडतो. विंग, म्हणजे मैदानाच्या कडेनं हल्ला करणारा खेळाडू, कोपऱ्यात रेषेबाहेर पाय रोवून आत झेप घेतो. गोलकीपर एक पाऊल पुढे येऊन हात-पाय फाकवतो आणि जवळची बाजू बंद करतो. उडीच्या अगदी शेवटी, देह खाली येत असताना, विंग मनगट वळवतो. चेंडू गोलकीपरला बगल देऊन जमिनीवर टप्पा घेतो आणि फिरकी घेत जाळीत शिरतो.

सामना ३०-३० मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. या वेळात एकेक संघ साधारणपणे पंचवीस ते पस्तीस गोल करतो, आणि पुढच्या सगळ्या हिशेबासाठी हीच बाब लक्षात ठेवायची आहे. फुटबॉलमध्ये तीन गोलांची आघाडी म्हणजे सामना संपल्यात जमा. हँडबॉलमध्ये तीन गोल दोन मिनिटांत फिरतात. नियमभंगासाठी खेळाडूला दोन मिनिटं बाहेर बसवतात, तेवढ्या वेळात संघ एका माणसानं कमी खेळतो आणि फरक पाहता पाहता बदलतो. एकाच खेळाडूला अशी शिक्षा तिसऱ्यांदा झाली की त्याला लाल कार्ड मिळतं आणि उरलेल्या सामन्यात तो परत येऊ शकत नाही.

बत्तीस संघांचे आठ कसे होतात

ही स्पर्धा १९३८ मध्ये जर्मनीत चार संघांनिशी सुरू झाली. १९९३ पासून ती दर दोन वर्षांनी, विषम सालांत होते, आणि २००१ पासून जानेवारीत. २०२१ च्या इजिप्तमधल्या स्पर्धेपासून संघ ३२ झाले. २०२१, २०२३ आणि २०२५ या तिन्ही वेळी सांगाडा एकच होता.

प्राथमिक फेरीत चार-चार संघांचे आठ गट असतात आणि प्रत्येक जण गटातल्या इतर तिघांशी एकेकदा खेळतो. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. गटातला चौथा संघ बाहेर पडतो. असे आठ संघ मग २५ ते ३२ या क्रमांकांसाठी 'प्रेसिडेंट्स कप' नावाची वेगळी स्पर्धा खेळतात. उरलेले २४ संघ मुख्य फेरीत येतात.

मुख्य फेरीत दोन-दोन जुने गट जोडून सहा-सहा संघांचे चार नवे गट बनतात: अ आणि ब यांचा एक, क आणि ड यांचा दुसरा, असं पुढे. प्रत्येक नव्या गटातले पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात, आणि तिथून पुढे हरला तो संपला. विजेतेपदाच्या वाटेवरचे सामने मोजले तर प्राथमिक फेरीचे ४८, मुख्य फेरीचे ३६ आणि कांस्यपदकाच्या लढतीसह बाद फेरीचे ८, असे ९२ होतात. पदकासाठी खेळणाऱ्या संघाला सुमारे वीस दिवसांत नऊ सामने खेळावे लागतात.

आता एक आकडा पुन्हा पाहा. सहा संघांच्या गटात प्रत्येकानं पाच सामने खेळायला हवेत, पण मुख्य फेरीत प्रत्येक संघ फक्त तीन सामने खेळतो. उरलेले दोन कुठून आले?

मागील पानावरून पुढे

हिशेबाच्या वहीत पान भरलं की शिल्लक पुढच्या पानावर ओढतात आणि वर लिहितात, 'मागील पानावरून पुढे'. मुख्य फेरीचा तक्ता तसाच सुरू होतो. मात्र इथे सगळी शिल्लक येत नाही. जे संघ तुमच्याबरोबर मुख्य फेरीत आले, त्यांच्याविरुद्धचेच गुण आणि गोल पुढच्या पानावर येतात. चौथा येऊन बाहेर पडलेल्या संघाविरुद्धची नोंद वहीतून खोडली जाते.

२०२५ मध्ये आइसलँडच्या गटात स्लोव्हेनिया, केप व्हर्डे आणि क्यूबा होते. आइसलँडनं तिघांनाही हरवलं. क्यूबाला तर ४०–१९ असं, म्हणजे २१ गोलांनी. पण क्यूबा चौथा आला आणि हे २१ गोल हवेत विरले. मुख्य फेरीत आइसलँडबरोबर आले ते केप व्हर्डे आणि स्लोव्हेनियाविरुद्धचे चार गुण. शेजारच्या गटात बहारिन चौथा आला. इजिप्तनं क्रोएशिया आणि अर्जेंटिना या दोघांना हरवलं होतं, म्हणून त्याच्याकडे चार गुण आले. क्रोएशियानं फक्त अर्जेंटिनाला हरवलं होतं, त्यामुळे त्याला दोनच मिळाले. म्हणजे मुख्य फेरीचा पहिला चेंडू फेकला जाण्याआधीच तक्ता असा होता: इजिप्त ४, आइसलँड ४, क्रोएशिया २, स्लोव्हेनिया २, अर्जेंटिना ०, केप व्हर्डे ०.

क्रिकेट पाहणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. १९९९ च्या विश्वचषकातल्या सुपर सिक्सला हाच नियम होता. भारत दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वे या दोघांकडून हरला होता आणि नेमके तेच दोघे त्याच्याबरोबर पुढे आले, म्हणून भारताची सुरुवात शून्यापासून झाली. २०२५ ची हँडबॉल स्पर्धा क्रोएशिया, डेन्मार्क आणि नॉर्वे यांनी मिळून भरवली होती, आणि तिथे हीच गत सहयजमान नॉर्वेची झाली. ब्राझील आणि पोर्तुगाल या दोघांकडून तो हरला, अमेरिकेला मात्र हरवलं. अमेरिका चौथी आली, तिच्याविरुद्धचे दोन गुण खोडले गेले आणि नॉर्वे घरच्या मैदानावर शून्य गुणांनी मुख्य फेरीत उतरला. तिथून त्याला उपांत्यपूर्व फेरी गाठता आली नाही. त्या गटातून पोर्तुगाल आणि ब्राझील पुढे गेले.

म्हणून प्राथमिक फेरीचा तक्ता पाहताना नुसते गुण वाचू नका, ते कुणाविरुद्धचे आहेत ते पाहा. चार गुणांचे दोन संघ वरवर सारखे दिसतात, पण एकाचे दोन गुण पुढच्या पानावर येणारच नसतात.

तीन संघ एकाच गुणांवर अडकले तर

आता आइसलँडच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. गुण सारखे झाले की आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाच्या नियमाप्रमाणे सगळ्यात आधी त्या संघांचे आपापसातले सामने पाहिले जातात. दोनच संघ असतील तर काम सोपं, जो जिंकला तो वर. तीन संघ असतील तर त्या तिघांचाच एक छोटा तक्ता मांडायचा आणि बाकीच्यांविरुद्धचे सामने बाजूला ठेवायचे. छोट्या तक्त्यात आधी गुण, मग गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा, आणि मग केलेले गोल पाहायचे. तिथेही तोडगा निघाला नाही तरच पूर्ण गटातला गोलफरक आणि गोल यांच्याकडे वळायचं. अगदी शेवटचा उपाय चिठ्ठी टाकण्याचा.

तिघांचे आपापसातले निकाल असे होते:

इजिप्त २८, क्रोएशिया २४ (प्राथमिक फेरी)
आइसलँड २७, इजिप्त २४ (मुख्य फेरी)
क्रोएशिया ३२, आइसलँड २६ (मुख्य फेरी)

प्रत्येकानं एक जिंकला, एक हरला. छोट्या तक्त्यात तिघांचेही दोन-दोन गुण, म्हणजे पहिली चाळणी कुणालाच गाळत नाही. दुसरी चाळणी गोलफरकाची. क्रोएशिया सहानं जिंकला आणि चारनं हरला, फरक अधिक २. इजिप्त चारनं जिंकला आणि तीननं हरला, फरक अधिक १. आइसलँड तीननं जिंकला आणि सहानं हरला, फरक उणे ३. क्रोएशिया पहिला, इजिप्त दुसरा, आइसलँड तिसरा. बाकी पाच-पन्नास गोल कुणी कुणाला मारले याच्याशी या क्रमाचा काही संबंध नाही.

इजिप्त आणि आइसलँड एवढेच दोघे बरोबरीत असते तर आइसलँड वर असता, यात शंका नाही. तिसरा भिडू आला की दोघांमधली लढत सुटी पाहता येत नाही, कारण मग क्रोएशियानंही विचारलं असतं, 'आइसलँडला तर आम्ही हरवलंय, आम्ही खाली का?' त्रिकोणातल्या प्रत्येकाकडे एकाला हरवल्याचा पुरावा असतो. त्यातून बाहेर पडायचं तर कोण कितीनं जिंकलं हेच मोजावं लागतं.

किती गोलांनी हरलेलं चाललं असतं

हा भाग कागद-पेन्सिल घेऊन करण्याजोगा आहे, कारण संघांचे प्रशिक्षकही सामन्याआधी हेच गणित मांडतात. २४ जानेवारीला क्रोएशिया आणि आइसलँड समोरासमोर आले तेव्हा इतर दोन निकाल माहीत होते: इजिप्त क्रोएशियाविरुद्ध चारनं जिंकलेला, आइसलँड इजिप्तविरुद्ध तीननं जिंकलेला. तिघंही पुढे बरोबरीत अडकतील असं धरलं, तर आइसलँडला किती गोलांचा पराभव परवडला असता?

एका गोलानं हरला असता तर आइसलँड अधिक २, इजिप्त अधिक १, क्रोएशिया उणे ३. आइसलँड गटात पहिला.

दोननं हरला असता तर आइसलँड आणि इजिप्त दोघंही अधिक १, क्रोएशिया उणे २. तरीही यजमान क्रोएशिया बाहेर.

तीननं हरला असता तर इजिप्त अधिक १, आइसलँड शून्य, क्रोएशिया उणे १. आइसलँड दुसरा, म्हणजे अजूनही आत.

चारनं हरला की चित्र उलटतं. इजिप्त अधिक १, क्रोएशिया शून्य, आइसलँड उणे १.

सीमारेषा तीन आणि चार गोलांच्या मधोमध होती. क्रोएशियाला नुसतं जिंकून भागणार नव्हतं, किमान चारनं जिंकायला हवं होतं. तो सहानं जिंकला. आइसलँडला त्या साठ मिनिटांत आणखी तीन गोल वाचवता किंवा करता आले असते, तर सामना हरूनही तो उपांत्यपूर्व फेरीत असता आणि यजमानांची स्पर्धा तिथेच संपली असती.

अशा सामन्यात एका गोलाचं वजन दुप्पट होतं. क्रोएशियानं केलेला एक गोल त्याचा फरक एकनं वाढवतो आणि त्याच वेळी आइसलँडचा एकनं घटवतो, म्हणजे दोघांमधलं अंतर दोननं बदलतं. चारनं हरण्यात आणि तीननं हरण्यात म्हणूनच एवढी दरी आहे.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. इजिप्तचा क्रोएशियावरचा चार गोलांचा विजय १९ जानेवारीचा, प्राथमिक फेरीतला. दोघंही मुख्य फेरीत जाणार हे त्या वेळी जवळपास नक्की होतं. तरी त्या सामन्यातले चार गोल आठवडाभर वहीत जिवंत राहिले आणि शेवटच्या दिवशी इजिप्तला दुसऱ्या क्रमांकावर ठेवून गेले.

शेवटच्या पाच मिनिटांत काय पाहायचं

या हिशेबामुळे सामना 'संपल्यासारखा' वाटत असतानाही खेळ चढत जातो. तीननं मागे असलेला संघ हरणार हे सगळ्यांना दिसत असतं, पण तो फरक तीनवर रोखण्यासाठी जिवाचं रान करतो. पुढे असलेला संघ आणखी एका गोलासाठी.

प्रत्येक संघाला सामन्यात एक-एक मिनिटाचे तीन टाइम-आउट मिळतात. एका सत्रात दोनपेक्षा जास्त घेता येत नाहीत आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकच. शहाणा प्रशिक्षक तो एक हाताशी राखून ठेवतो, कारण शेवटचा हल्ला नीट आखायचा असेल तर त्याची गरज तिथेच लागते. टाइम-आउट आपल्याकडे चेंडू असतानाच मागता येतो. घाईत चेंडू गमावल्यावर तो मागायला गेलं की उशीर झालेला असतो.

वेळ काढूपणाही फार काळ चालत नाही. हल्ला करणारा संघ गोलचा खरा प्रयत्न करत नाही असं वाटलं की पंच हात वर करतात. हा इशारा. तिथून जास्तीत जास्त चार पास, तेवढ्यात फटका मारलाच पाहिजे, नाहीतर चेंडू समोरच्याला. २०२२ पर्यंत ही मर्यादा सहा पासची होती. म्हणून फरक राखू पाहणाऱ्या संघाला चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवत घड्याळ संपवता येत नाही.

मागे असलेल्या संघाकडे मोठा डाव एकच असतो: गोलकीपरला बाहेर बोलावून सातवा खेळाडू हल्ल्यात उतरवायचा. समोर सहाच जण बचाव करत असतात, त्यामुळे कुठे ना कुठे एक माणूस मोकळा मिळतो. धोकाही तेवढाच उघडा आहे. पास चुकला, चेंडू समोरच्या गोलकीपरच्या हाती लागला, की तो तिथूनच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या रिकाम्या गोलवर फेकतो. फरक तीनवरून दोनवर आणायला गेलेला संघ दहा सेकंदांत चारनं मागे पडतो, आणि वरचं गणित पाहिलंत तर चारचा अर्थ काय होतो ते ठाऊक आहे.

'एकूण गोलफरकच का मोजत नाहीत?'

हा सगळ्यात नेहमीचा आक्षेप, आणि वरवर पटणारा. सगळ्या सामन्यांचा गोलफरक घ्या, त्रिकोणाचं गणितच नको.

अडचण दुबळ्या संघांमुळे येते. २०२१ मध्ये पहिल्यांदाच आलेल्या उरुग्वेला जर्मनीनं ४३–१४ असं हरवलं. २९ गोलांचा फरक! एकूण गोलफरक मोजायचा तर असा एक सामना तोलामोलाच्या लढतींतली सगळी मेहनत झाकून टाकेल. दुबळ्या संघाला कोण जास्त झोडपतो याची ती शर्यत होईल, आणि त्या संघाशी शेवटी खेळणाऱ्याला फायदा मिळेल, कारण किती गोल लागणार हे त्याला आधीच माहीत असेल. आपापसातले सामने आधी पाहिल्यानं हा फायदा पुष्कळच कमी होतो. पूर्णपणे जात नाही, पण माझ्या मते दोन अपूर्ण पर्यायांत हा निश्चितच जास्त न्याय्य आहे.

'मग एवढे दुबळे संघ घ्यायचेच कशाला?'

२०१९ पर्यंत स्पर्धेत २४ संघ होते. ३२ केल्यावर काही सामने एकतर्फी झाले हे खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण आजवरच्या २९ स्पर्धांत विजेता प्रत्येक वेळी युरोपातलाच निघाला आहे. फ्रान्सनं सहा वेळा जिंकली. डेन्मार्कनं २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५ अशी सलग चार वेळा, आणि हे याआधी कुणालाच जमलेलं नव्हतं. युरोपाबाहेरच्या संघांना मोठे सामने खेळायलाच मिळाले नाहीत तर ही दरी बुजणार कशी? २००१ मध्ये इजिप्त उपांत्य फेरीत पोहोचला तो युरोपाबाहेरचा पहिला संघ होता. २०२५ मध्ये ब्राझीलनं पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरी गाठली.

उरुग्वेचंही पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. त्याच्या गटातल्या केप व्हर्डेला कोरोनाच्या बाधेमुळे स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली. न खेळलेला सामना समोरच्या संघानं १०–० असा जिंकला असं धरतात. त्यामुळे २९ गोलांनी हरलेला उरुग्वे गटात तिसरा आला आणि मुख्य फेरीत गेला, पुढच्या पानावर अर्थातच शून्य गुण घेऊन.

'यजमानांना झुकतं माप मिळतं का?'

मैदानाबाहेर थोडं मिळतं. यजमान संघ कुठल्या शहरात खेळणार हे सोडतीच्या आधीच ठरलेलं असतं, म्हणजे तिकिटं विकता येतात. २०२५ मध्ये डेन्मार्क उपांत्यपूर्व फेरीपर्यंत हेर्निंगमध्येच खेळला, क्रोएशिया उपांत्य फेरीपर्यंत झाग्रेबमध्ये. प्रवास वाचतो, झोप नीट होते, सभागृह आपलं असतं. एक दिवसाआड सामना असताना हे लहान फायदे नव्हेत. पण तक्त्यात यजमानाला एक गुणही फुकट मिळत नाही. नॉर्वेचं उदाहरण वर आलंच आहे.

कुणाला प्रवेश द्यायचा यावर मात्र खरे वाद झाले आहेत. महासंघ काही जागा 'वाइल्ड कार्ड' म्हणून, म्हणजे पात्रता फेरीऐवजी आपल्या निवडीनं देतो. २०१५ च्या स्पर्धेसाठी ऑस्ट्रेलियाची जागा काढून जर्मनीला अशी जागा दिली गेली आणि त्यावर बरीच टीका झाली. त्याच स्पर्धेत यजमान कतार अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि फ्रान्सकडून २५–२२ असा हरला. आजवर युरोपाबाहेरच्या संघानं मिळवलेलं ते एकमेव पदक. त्या संघात इतर देशांत जन्मलेले आणि घडलेले अनेक खेळाडू होते. त्यांच्यातला बेर्त्राँ रोआने तर २०११ मध्ये फ्रान्सकडून जगज्जेता झालेला. नियमांत ते बसत होतं. नवं नागरिकत्व मिळालेलं असेल आणि आधीच्या देशाकडून शेवटचा सामना खेळून तीन वर्षं झाली असतील, तर खेळाडू दुसऱ्या देशाकडून खेळू शकत होता. नियम पाळला गेला हे मान्य, पण राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत अशी बांधणी मनाला खटकते, ही तक्रार मला रास्त वाटते.

मुख्य फेरी संपली की वही मिटते

उपांत्यपूर्व फेरीपासून मागचं काहीच पुढे येत नाही, ना गुण ना गोल. मागच्या तक्त्याचा उपयोग फक्त जोड्या लावण्यापुरता. २०२५ मध्ये पहिल्या आणि तिसऱ्या गटातले संघ एकमेकांशी खेळले, दुसऱ्या आणि चौथ्यातले एकमेकांशी, प्रत्येक वेळी गटविजेता विरुद्ध दुसरा. म्हणून पहिल्या आलेल्या क्रोएशियाला हंगेरी मिळाली आणि त्यानं ती लढत ३१–३० अशी जिंकली. दुसऱ्या आलेल्या इजिप्तच्या वाट्याला फ्रान्स आला आणि इजिप्त ३४–३३ असा हरला.

बाद फेरीत बरोबरी चालत नाही. साठ मिनिटांनंतर गोल सारखे असतील तर पाच-पाच मिनिटांच्या दोन सत्रांचा जादा वेळ. तरीही सारखे असतील तर पुन्हा तेवढाच दुसरा जादा वेळ. त्यानंतर ७ मीटरवरून फेकी, प्रत्येक संघाचे पाच जण आळीपाळीनं, समोर फक्त गोलकीपर. २०२१ च्या उपांत्यपूर्व फेरीत डेन्मार्क आणि इजिप्त हे सगळे टप्पे ओलांडून गेले. दोन्ही जादा वेळांनंतर गोल होते ३५–३५. फेकींमध्ये डेन्मार्क ४–३ असा सरस ठरला आणि निकाल लागला ३९–३८.

२ फेब्रुवारी २०२५ ला ऑस्लोजवळच्या बेरुममध्ये अंतिम सामना झाला. मुख्य फेरीत दोनच गुण घेऊन उतरलेला क्रोएशिया तिथे डेन्मार्कसमोर होता. डेन्मार्क ३२–२६ असा जिंकला. क्रोएशियानं नऊ दिवसांपूर्वी आइसलँडला हरवलं होतं तोही गोलफलक ३२–२६. त्या दिवशी सहांपैकी किमान चार गोल लागणारच होते. अंतिम सामन्यात डेन्मार्कला एकही पुरला असता.